बारा काठ उजवे, एक डावा

सातवीच्या कार्यानुभवात मी एकाच साली बारा वेळा पास झालो. शाळेत म्हनान तर दुसरीच्या पुढं माहं बूड बाकावर टेकलंच नाई.

"मॅडम, ते ठेवून द्या. बुरडाचं घर आहे. बापानं करून दिलं, पोरीनं आणून ठेवलं."

असं पोरीच्या वर्गाचे सर बोलले. भर प्रदर्शनात, शाळेच्या हॉलमधी, माही पोरगी समोर उभी असताना. आन् मंग माह्याकडं पाहून म्हनले, "काय उस्ताद, खरं ना?"

मी हसलो. हसून म्हनलो, "हो जी सर."

खोटं होतं ते. सोळा आने खोटं. तरी म्हनलो.

आमी बांबूवाले. टोपल्या, सुपं, धान भरायच्या ढोल्या विनतो, अहेरीच्या बाजारात बसतो. गावात मले नकल्या म्हनतेत. कोनाच्याही मयतीत पाच मिनिटात लोक हसवीन असा मी. उस्ताद म्हनून जल्मात कोनी हाक मारली नव्हती. प्रदर्शनाच्या पंधरा दिवस आंधी सर घरी आले, बाजीवर बसले, आमच्या कपातला काळा चहा पेले आन् उस्ताद म्हनले. मी तिथीच इकल्या गेलो.

सर म्हनले, पोरायच्या हाती कोयता देता येत नाई, मायबाप भांडतेत. बारा वस्तू तुमीच करून द्या. तुमच्या पोरीकडं मी लक्ष देतो.

म्या बाजाराच्या टोपल्या बाजूले सारल्या. बांबूची इवली बैलगाडी केली, मोर केला, नदीतला डोंगा केला, कंदील केला. सर बोरा घेऊन फटफटीवर आले आन् बाराही वस्तू त्यात भरून घेऊन गेले. मी बायकोले म्हनलो, पाह्य, मास्तर लोक आता माही परीक्षा घेऊन राह्यले.

पोरीले म्हनलो, तुलेबी एक करून देतो. ते म्हनली, मले नको, मी करीन.

तिनं ढोली केली. बित्ताची, एका पंजाएवढी. पोरगी डावखोरी हाये. ढोलीचा काठ बांधताना बांबूची चिरलेली कामटी उजव्या अंगानं गुंडाळत न्यावी लागते, आमच्या बापजाद्यापासून तसंच. तिची डाव्या अंगानं जाते. शेजारचे बसले होते. म्या ढोली वर धरून म्हनलो, हे त उलट्या पायाच्या बाईनं विनली वाटते. सारे हसले. पोरगी उठली, काठ उकलला, पुन्हा बांधला. तीनदा. तिन्ही खेपा डावाच गेला. कामटीच्या धारेनं बोटं कापली, चिंध्या बांधून शाळेत गेली.

प्रदर्शनात माह्या बाराही वस्तूवर दुसऱ्यायच्या पोरायच्या चिठ्ठ्या. बैलगाडीवर ठेकेदाराच्या पोराची. ठेकेदार पयल्या रांगेत बसून होता, हॉलच्या खुर्च्या त्यानंच दान देल्ल्या. मले सर म्हनले, उस्ताद, बाक उचलू लागा. मी उचलले. खुशीत उचलले.

तालुक्याहून तपासाले मॅडम आल्या होत्या. मोर पाह्यला, गाडी पाह्यली, समोर गेल्या. ढोलीजवळ थांबल्या. हातात घेतली, फिरवली, म्हनल्या, "हे लेकरानं स्वतः केलेलं दिसते. जिल्ह्याले एकच पाठवायचं आहे, हे पाठवू."

तवा सर तसं बोलले. तवा मी हसलो. हॉलमधी सारे हसले. मॅडमनं ढोली खाली ठेवली.

पोरगी रडली नाई. माह्याकडं पाहत राह्यली, चिंध्या बांधलेली बोटं मांगं लपवून. आन् मी हसूनच राह्यलो होतो. तोंड मिटताच येत नव्हतं. मले हसताना माही पोरगी पाहून राह्यली, हे ध्यानात आलं.

मी टेबलाजवळ गेलो.

"मॅडम, काठ पाहा. मोराच्या बुडाचा पाहा, गाडीच्या चाकाचा पाहा, कंदिलाचा पाहा. कामटी उजव्या अंगानं गेली. बाराही तशाच. कारन बाराही माह्या हातच्या हायेत. आता ढोली पाहा."

मॅडमनं काठावर बोट फिरवलं. डाव्या अंगानं गेलं. म्या टेबलावर पडलेली एक कामटी पोरीले देल्ली. तिनं साऱ्यायसमोर ढोलीच्या काठावर चार वेढे मारले. डावेच.

सर म्हनले, "अडाणी माणूस आहे मॅडम, त्याले काय समजते."

पंधरा दिवसाचा उस्ताद. एका झटक्यात अडानी.

मॅडमले समजलं होतं. त्यायचं बोट काठावरच होतं. पन त्यायनं ठेकेदाराकडं पाह्यलं, सराकडं पाह्यलं, आन् वहीत लिवलं. जिल्ह्याले बैलगाडी गेली. माही गाडी, ठेकेदाराच्या पोराच्या नावानं.

म्या ढोली उचलली. सराले म्हनलो, पुढच्या साली माह्या दारात येऊ नका. उस्ताद म्हना नाई त साहेब म्हना, दारातून वापस लावीन. लेकरायच्या हाती कोयता द्या. बोट कापलं त कापलं.

रस्त्यानं मी छाती काढून चाललो होतो. पोरीले म्हनलो, पाह्यलं, तुह्या बापानं कसा दनका देल्ला? उद्या अर्ज करू. वरच्या साहेबाले देऊ, त्यायनं नाई घेतला त त्याच्याही वरच्याले. तू लिव, मी अंगठा मारतो. सरानं काय काय केलं, सारं लिव. एक गोष्ट सोडू नको.

पोरगी थांबली नाई. चालता चालताच म्हनली,

"लिवतो ना. सर खोटं बोलले हे लिवतो. आन् माहा बाप हसून हो जी म्हनला, हेबी लिवतो. त्याच्याखाली मार अंगठा."