बाबांना शहाळं नको

मुंबईच्या खोलीतल्या गाववाल्यांनो, हा कागद फळ्यावर लावा, सगळ्यांनी वाचा.

आज रत्नागिरीच्या इस्पितळात पोचलो. बाबांची मूत्रपिंडं दमलीत. पाय सुजून भोपळे झालेत. मी आपल्या माडावरची ताजी शहाळी नेलेली. आपल्यात आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जातं कोण?

एक फोडलं, तोच सिस्टर धावत आल्या. "अरे, जीव घेशील त्यांचा! अंगातलं पाणी बाहेर पडत नाहीये. त्यात शहाळ्यातल्या क्षाराने काळीज बंद पडेल."

बाबा ओठ चाटत म्हणाले, "गो बाय, वासापुरतं तरी दे."

"वास घ्या हवा तेवढा," सिस्टर हसल्या.

मी शहाळं त्यांच्या नाकाशी धरलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, बाबांच्या अंगात खाडी भरलीय आणि ओहोटी वाट विसरलीय. मी मनातल्या मनात त्या पाण्याला सांगत बसलो, उतर रे, आता उतर.

संध्याकाळी बाटलीत थोडी लघवी उतरली. सिस्टरनी ती उजेडात धरली, आणि मला तर देवळात दिवा लागल्यागत झालं.

भेटायला जरूर या. पण ज्याला पाणीच बाधतं, त्याच्यासाठी तुम्ही काय आणाल?