चौथं फाटक
संत्रं सोललं की मला अजूनही चीनमधल्या त्या लहान शहरातली संध्याकाळ आठवते. इंग्रजी शिकवायला मी मोर्शीहून तिथे गेले, त्याला जेमतेम चार दिवस झाले होते. दूध आणायला बाहेर पडले आणि परतताना सगळ्या इमारती सारख्याच दिसायला लागल्या. पत्ता फोनमध्ये होता आणि फोन थंडीने बंद पडलेला. एकही पाटी वाचता येईना, माझं इंग्रजी कुणाला कळेना. त्यात अंधारून आलं. कोपऱ्यावर संत्री विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईपुढे मी रडवेली होऊन चक्क वऱ्हाडीत बोलले, "मावशी, मी रस्ता चुकली वो. मले घरी जायचं हाय." तिला काय कळलं कोण जाणे. हातगाडी तशीच टाकून तिने माझं मनगट धरलं आणि प्रत्येक वसाहतीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला माझा चेहरा दाखवत निघाली. चौथ्या फाटकावरचा माणूस मला ओळखून हसला, तेव्हाच तिने हात सोडला. खोलीत जाऊन फोन चार्जिंगला लावला, तोच आईचा फोन आला. "कावून वं, फोन बंद कावून होता?" "झोपली होती मी." "मंग आवाज असा कावून येऊन राह्यला?" "थंडी हाय इकडे," मी म्हटलं. आता मी कायमची घरी परतले आहे, पण आईला खरं काय ते आजही सांगितलेलं नाही.