माळवदावरची रेंज

बार्शीच्या दवाखान्यातून भावजींचा फोन आला तेव्हा कढई चुलाणावर होती. दूध आटून दाट होत आलं होतं. अशा वेळी उलथणं थांबवता येत नाही, खाली लागतं. फोन ह्यांनी घेतला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मला कळलं. हात मात्र फिरतच होता... मग कधीतरी थांबला. त्या दिवशीचा खवा करपला.

माया माझी धाकटी जाऊ, भावजींची बायको. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात गेली. तिला जाऊन आता महिना होत आला. माणसं भेटायला आली. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून मी चहा करत राहिले. चौथी शिकलेली बाई मी, लिहायची सवय नाही. पण जिच्याशी बोलायची तीच गेली, म्हणून हे लिहून बघतेय.

ती लग्न होऊन कळंबजवळच्या वाशीकडं आमच्या घरी आली ती लॅपटॉप घेऊनच. कॉलेज झालेलं होतं, आणि प्रोग्रॅम लिहायचं मोबाईलवर बघून शिकत होती. आमच्या खव्याच्या भट्टीला वस्त्यांवरच्या बाया कुणाच्या तरी गाडीवर दूध पाठवतात. दूध पोचलं की नाही, ते त्यांना संध्याकाळी किटली परत जाईपर्यंत कळत नाही. इथं दूध मापलं की त्या बाईच्या मोबाईलवर निरोप जावा, असं काहीतरी ती बनवत होती. ते पुरं करून पुण्याच्या एका कंपनीला दाखवायचं आणि घरी बसूनच नोकरी करायची, हे तिच्या मनात होतं. भावजी चेष्टा करायचे. "त्याला कंपनी कशाला लागती? वहिनीला वरडून सांगायला लाव की." मी आणि वरडणार... सगळे हसले, मीपण हसले.

एकदा ती न जेवता बसली होती. काहीतरी बदलताना सगळंच मोडलं होतं. गिट नावाची एक सोय तिनं नुकतीच शिकायला घेतली होती. त्यात केलेल्या कामात मागं जाता येतं, एवढं ऐकून ती निर्धास्त राहिली. पण काम बरं चाललंय तेव्हाच तिथं खूण करून ठेवावी लागते, आणि तिनं ती केलीच नव्हती. "आक्का, मागं जायला मागं काहीतरी ठेवलेलं पायजे की," म्हणाली, आणि रडता रडता स्वतःच हसली.

तेव्हापासून एवढंसं काही जमलं तरी ती खूण करायची. प्रत्येक खुणेबरोबर काय बदललं ते एका ओळीत लिहावं लागतं. ती ओळ ती मला विचारायची. मी चुलाणापुढं, ती उंबऱ्यात पोत्यावर. आज काय केलं म्हणू, आक्का? मी सांगायची, लिही, सकाळचं दूध संध्याकाळच्यात मिसळत न्हाय आता. ती तसंच लिहायची, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. माझं बोलणं कुणी विचारून लिहून घ्यावं, असं माझ्या आयुष्यात आधी झालं नव्हतं.

या खुणा लॅपटॉपातच राहतात, तो बिघडला की गेल्या. म्हणून त्या नेटवर पाठवायच्या. भट्टीत रेंज नाही, म्हणून दिवस मावळायला आम्ही दोघी माळवदावर, घराच्या छतावर जायचो. तिथं तिनं मला दाखवलं होतं, की काळ्या पाटीसारखा पडदा उघडून वरचा बाण दाबत गेलं की आधी लिहिलेलं एकेक परत येतं. ओळीच्या शेवटी push ही चार इंग्रजी अक्षरं दिसली की एंटर. ते दाबायचं काम माझं. मग ती झाकण लावायची आणि म्हणायची, "चला, भाकरी."

वस्तीवरच्या रखमाबाईला वाचता येत नाही, असं मी एकदा सहज बोलले. ते तिच्या डोक्यात बसलं. निरोप बोलका पाहिजे, आणि आवाज माझाच पाहिजे. मी नको नको म्हणाले.

"रखमाबाई तुमचा आवाज वळखती आक्का. माझा कोण वळखतंय इथं?"

मग गोठ्यात, कुणी नाही असं बघून, तिनं मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला. म्हशीला ऐकू जाईल एवढंच बोलले मी. तिनं ते लॅपटॉपात घातलं, लावून बघितलं. आधी तिचं "हं, बोला आक्का" आलं, मग माझं "रखमाबाई, दूध पोचलं बरं का." तिचं ते तेवढं उद्या कापते म्हणाली. खूण केली, ओळ लिहिली. अंग तापलं होतं तिचं, जिना चढवेना. उद्या कापून सगळं बरोबरच पाठवू म्हणाली...

गेल्या आठवड्यात भावजी लॅपटॉप काढून पुसत बसले होते. कळंबच्या भाचीला कॉलेजसाठी देतो म्हणाले, दुकानवाला आतलं सगळं साफ करून देणार. त्यांना दोष नाही. त्यांना तो घरात बघवत नव्हता.

"भावजी, उद्या न्या," मी म्हणाले.

त्यांनी पुसायचं फडकं बाजूला ठेवलं. मी त्यांना असं कधी काही सांगितलं नव्हतं. "बरं वहिनी," म्हणाले, आणि लॅपटॉप माझ्या हातात दिला.

दिवस मावळायला एकटीच वर गेले. पासवर्ड मला ठाऊक होता, तिचे हात पिठात असले की मीच उघडून द्यायची. तिच्या मोबाईलचं नेट जोडलं. आधी ते बोलणं लावून ऐकलं. तिचा आवाज आला, मग माझा. मग तिची ती काळी पाटी उघडली आणि वरचा बाण दाबत गेले. तिनं लिहिलेलं एकेक येत गेलं, तिची शेवटची ओळपण. मग चार अक्षरं दिसली. एंटर दाबलं. अक्षरं भराभर पळाली आणि थांबली. रोज थांबायची तशीच.

ते बोलणं नेटवर गेलं, न कापलेलं. रखमाबाईला ते कधी ऐकू येणार नाही. कंपनीलाही आता कोण दाखवणार... पण ते पुसलं जाणार नाही.

पुढं काय करायचं ते मला कळेना. झाकण रोज ती लावायची. खालून ह्यांनी हाक मारली. काचेवरचा उजेड आपोआप जाईपर्यंत तशीच बसून राहिले.