तोंडाला लागलेलं नवं

वाशिंदच्या आमच्या सोसायटीत माझं बोलणं ऐकून मूळ गाव कुठलं, असं कुणी विचारत नाही. तशी सवयच करून घेतलीये. तोंडात 'नाय' आलं की गिळायचं आणि 'नाही' म्हणायचं. डोळखांबच्या वर, आमच्या पाड्यावर गेलं की सगळं उलटं. तिथे चुकून 'नाही' निघालं की चुलती हसते, "आली गो वाशिंदची मडम!" पंधरा वर्षं हेच चाललंय. एक ना धड भाराभर चिंध्या. खरं सांगायचं तर आता मी दमलेय.

यंदा कापणी झाल्यावर आईचा फोन आला. वडील गेल्यापासून घरचं नवं काका करायचे. नवं म्हणजे नव्या तांदळाचा पहिला घास देवाला आणि वाडवडिलांना. त्याआधी घरातलं कुणी कुठलाही नवा तांदूळ खात नाही, आणि ज्याने खाल्ला त्याने नैवेद्याला हात लावायचा नाही. आई म्हणाली, "यंदा तू कर. त्यांची लेक तू एकलीच. काकाला मी भांडून कबूल केलाय." फोन ठेवून मी स्वयंपाकघरात रडले. तू इथलीच, असं कुणीतरी म्हणावं, एवढंच इतकी वर्षं हवं होतं.

रजा काढून गेले. अंगण सारवलेलं होतं. आईने पळसाच्या पानावर भात आणि काकडीच्या फोडी ठेवल्या होत्या. काका तोंड वाकडं करून बाजूला उभे. मी पाय धुऊन पाटावर बसणार, तेवढ्यात आईने सहज विचारलं, दरवर्षी विचारतात तसंच.

"नवं तोंडाला लागलं नाय ना गो?"

मी 'नाय' म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं. आठ दिवसांपूर्वी शेजारच्या वहिनींनी खीर दिली होती. मुरबाडला त्यांचं माहेर, तिथून नवा तांदूळ आलेला. नवा आहे, हे त्यांनी सांगितलंही होतं. मी "वास किती छान!" म्हणत वाटी चाटूनपुसून खाल्ली. पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही जे कळतं, ते मला तेव्हा सुचलं नाही. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण घास वडिलांच्या नावाचा होता. त्यांना खोटं वाढणं मला जमेना.

"लागलं, आई."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. आई काकांना म्हणाली, "बसा तुमी, भाऊजी." ते बसले.

नंतर जेवणं. आमच्याकडे आधी पाहुणे, मग पुरुष आणि पोरं, घरच्या बाया शेवटी. मी वाढायला उठले, तर चुलतीने माझ्या हातातली पळी काढून घेतली. "बस गो, दमून आलीस." रागाने नाही, मायेनेच. आईने माझ्यापुढे पान मांडलं आणि भात वाढला. बाकीचे थांबून होते.

त्या घरात मी पहिल्यांदाच सगळ्यांच्या आधी जेवले.