मामांची पट्टी आणि आईची पाल

शहापूरपासून मुरबाडपर्यंत जेवढी म्हणून छतं आहेत, त्यांतली निम्मी माझ्या धाकट्या मामांनी जमिनीवर उताणं पडून पाहिली आहेत, आणि उरलेली निम्मी लोकांच्या घरी लग्नाला किंवा सांत्वनाला गेल्यावर. मामा शेणव्याचे. पावसाळ्यात भात लावायचं, एरवी सुतारकाम, आणि त्यातही खरी आवड एकाच कामाची: उतरतं छत जिथे सपाट छताला मिळतं तो सांधा लाकडी पट्टीने बंद करणं. एकदा एका घरी बाप गेलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून, वर बघत ते म्हणाले, "वाईट झालं रे. छतानं पानी पन घेतलंय वरनं." तो बिचारा रडता रडता वर बघू लागला.

पिशवीत टेप असतो, पण सांध्याचा कोन मामा लग्नपत्रिकेवर घेतात. जाड पत्रिका सांध्यात धरायची, दुमडायची, घडी नखाने पक्की करायची आणि मागे पेन्सिलीने घराचं नाव लिहायचं. अशा पत्रिकांनी त्यांची एक पत्र्याची पेटी भरली आहे. त्यांतल्या काही जोडप्यांची फारकत झाली, कोन मात्र अजून बरोबर आहेत, असं ते अभिमानाने सांगतात.

सापगावला आमची मधली खोली अर्धी स्लॅबखाली, अर्धी पत्र्याच्या उताराखाली. दोन्हीकडे प्लायवूडचं छत आणि मध्ये बोटभर फट. आई अंगणात पडली, खुबा मोडला, आणि ऑपरेशननंतर तिची खाट त्याच खोलीत आली. फटीत एक पाल राहायची. काठीने साप हाकलणारी माझी आई जगात फक्त पालीला भ्यायची. "पळता येत असतं तर गोष्ट येगळी. आता पडली तर माज्या तोंडावरच," म्हणायची आणि दिवसभर पदर तोंडावर घेऊन जागी राहायची. झोप नाही, त्यामुळे जेवणही जाईना. मी दोनदा पुट्टी भरली. दुपारी पत्रा तापला की तिचे टवके आईच्या गोधडीवर. शेवटी मामांना बोलावलं.

मामा आले ते थेट खाटेशेजारी आडवे झाले. "बाय, तुला काय दिसतं?" थोरल्या बहिणीला ते बाय म्हणत.

"फट दिसतेय. आनि तू लोळताना दिसतोस."

"मग तूच सांग. उभ्या मानसाला छत कळत नाय." असं म्हणून ते शिडीवर चढले आणि आईचा पदर तोंडावरून बाजूला झाला तो झालाच. "तिकडं उचल रे. आजून. आता खाली!" एकच पट्टी तिने तीनदा उतरवायला लावली. मामांनी खिळे फक्त सपाट बाजूला मारले. "उताराला मारायचा नाय. पत्रा उन्हात हलतो, त्याला हलू दे." ते जेवायला बसले तेव्हा मी शहाणपणा करून उतारालाही चार खिळे ठोकले. दोनच्या उन्हात फाडकन आवाज झाला, पट्टी उभी चिरली आणि आई ओरडली, "पाल!" मामा खरकट्या हाताने धावत आले. हात धुतले आणि दुसऱ्या पट्टीला रंधा मारायला बसले. ओरडा बसण्यापेक्षा त्याची मला जास्त लाज वाटली. संध्याकाळी सांधा बंद झाला. पाल बाहेर जाताना डोळ्यांनी पाहिली, असं त्यांनी आईला शपथेवर सांगितलं. मला ते आजही खरं वाटत नाही. आई मात्र उघड्या तोंडाने घोरत झोपली.

ती पुढे उठली, चालली, चार वर्षं अंगणभर फिरली. गेल्या उन्हाळ्यात गेली. मामांच्या गुडघ्यांना आता शिडी झेपत नाही. परवा आले आणि त्याच जागी आडवे होऊन कितीतरी वेळ वर बघत राहिले. पट्टी केसभरही हलली नव्हती. मग रिकाम्या खाटेकडे मान वळवून हळूच म्हणाले, "बाय, बरोबर हाय ना?"

मला राहवेना. मी खाटेवर जाऊन उताणा पडलो आणि म्हणालो, "मामा, डावीकडं जरा खाली आलीय."

मामा ताडकन उठून बसले आणि पिशवीत पत्रिका शोधू लागले.