जगतापबाई आणि फटक्यांचा चषक

जगतापबाई मैदानावर आल्या की आधी पायातल्या चपला काढायच्या. एक पहिल्या बेसवर, दुसरी दुसऱ्यावर. तिसऱ्या बेसला वीट आणि बॅट घेऊन उभं राहायच्या जागेला, म्हणजे 'घरा'ला, गोणपाट. शाळेनं सॉफ्टबॉलसाठी एक बॅट आणि दोन चेंडू दिले होते. उरलेलं सामान असं बाईंच्या घरचं. मग पदर खोचून, तापल्या मुरमावर अनवाणी उभ्या राहून त्या चेंडू टाकायच्या.

वर्गात बाई अगदी छापील बोलत. मैदानावर मात्र त्यांचं गाव, कोल्हार, बाहेर यायचं. "डोळे काय मिटतीस? चेंडू हाय त्यो, वाघ न्हाई!"

मी तेव्हा लठ्ठ होते. अजूनही आहे, फक्त आता लोक त्याला प्रकृती म्हणतात. मी बेसकडे पळायला लागले की मुली खाली बसून हसायच्या. बाई म्हणाल्या, "हसू दे त्यास्नी. मंदे, तू लांब मार. इतका लांब, की चालत आलीस तरी घरी पोचशील." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या वजनाचा उपयोग शोधला होता. मी त्या बाईंसाठी विहिरीतसुद्धा उडी मारली असती. पाणी वर आलं असतं, एवढंच.

ते दुष्काळाचं साल. मैदानात गवताची काडी नव्हती, त्यामुळे मारलेला चेंडू थेट सडकेपर्यंत पळायचा. आम्ही नगरला जिल्ह्याच्या सामन्यांत पोचलो आणि जिंकलो. शेवटचा फटका माझा. चेंडू कुंपणाबाहेर गेला आणि मी खरोखरच चालत चालत घरी आले.

जिंकणाऱ्या संघात सगळ्यांत जास्त फटके मारणाऱ्या मुलीला वेगळा चषक होता. तिचं नाव संघाच्या बाईंनी सांगायचं. मी वेणी पुन्हा घातली. चषक घरी कुठं ठेवायचा, तेही ठरवलं.

"नलिनी!" माइकवरून आवाज आला.

नलिनी आमच्याकडून चेंडू टाकायची, आणि टाकायची उत्तम. पण हातात बॅट आली की समोरून येणाऱ्या चेंडूला वाट करून द्यायची. मी तर आधीच उभी राहून बसले होते. आता उभी आहेच म्हणून टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "काय मोठ्या मनाची पोरगी!"

परतीच्या एसटीत मी बाईंशेजारी जाऊन बसले. "बाई, चुकून झालं का?"

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "न्हाई. तुझी आई आल्ती माझ्याकडं. पुढल्या आठवड्यात तुला बघायला येत्यात. पेपरात नाव आलं, तर पोरगी मैदानात बॅट फिरवती म्हनतील. मी व्हय म्हनले."

"मला नाही विचारलंत?"

"तू न्हाई म्हनली असतीस."

आईवर मला रागावता येईना. तिनं कधी मला लांब मार म्हणून सांगितलं नव्हतं.

पाहुणे आले, पोहे दोनदा मागून घेतले आणि निरोप धाडला, मुलगी अंगानं जास्त आहे. बॅटचा विषयसुद्धा निघाला नाही. मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन म्हटलं, "बाई, स्थळ गेलं. आता माझा चषक?"

बाईंनी चष्मा काढला. "आता कसा मागू गं? नलिनीच्या वडलांनी आळीत पेढे वाटलेत."

त्या संध्याकाळी त्यांनी मला एकटीलाच मैदानावर बोलावलं आणि चेंडू टाकायला लागल्या. मी त्यांनीच शिकवल्यासारखी उभी राहिले, डोळे सताड उघडे ठेवले आणि प्रत्येक चेंडू जाऊ दिला. तो मागच्या भिंतीला लागायचा, बाई स्वतः जाऊन आणायच्या.

"रागानं तरी मार की, मंदे."

मी बॅट खाली ठेवली आणि "येते" असंही न म्हणता निघाले.

उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. निरोपाच्या दिवशी सगळ्या मुली रडल्या. मी सगळ्यांत जास्त रडले, ते काही खोटं नव्हतं. मी पाया पडायला वाकले तेव्हा बाईंनी पाठीवर हात ठेवला. "खेळनं सोडू नको गं."

"कुणाला विचारून, बाई?"

हात तसाच राहिला. मग मीच सरळ उभी राहिले. मागे पाया पडणाऱ्या मुलींची रांग खोळंबली होती.