ग्लोबलची पाळी

ग्लोबल जेवायला बसला की आधी ताटाची उलटतपासणी घ्यायचा. "हा तांदूळ कुठला? हा कांदा? डाळ कुठल्या बंदरातून आली असेल?" उत्तर आलं नाही की स्वतःच सांगत बसायचा. बोटीवर कोण राबलं, मधल्यामध्ये कोणी खाल्लं, सगळं. तोवर भात निवायचा. हसनभाई वैतागून म्हणायचे, "यल्ला, गिळ आता! पोटात गेल्यावर सगळं एकाच देशाचं होतं."

आखातात, तुबलीत आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. मी कुडाळकडचा, गॅरेजात डेंटिंगला. रत्नागिरीचे हसनभाई स्पेअर पार्टच्या दुकानात. आणि चिपळूणचा ग्लोबल सकाळी सीफच्या एका हॉटेलात रिसेप्शनला, संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात. विषय ग्लोबल स्टडीज, म्हणून हे नाव. "दोन वर्षं इथे, मग ट्रान्सफर. थेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला, कॅनडात!" तो हे सांगायचा तेव्हा मलाच कुठेतरी निघाल्यासारखं वाटायचं.

आमच्यासारख्यांच्या खोल्यांमध्ये एक वेळ भाडं उशिरा दिलेलं चालतं, स्वयंपाकाची पाळी चुकवलेली चालत नाही. त्याच्या पहिल्या परीक्षेत मी त्याची पाळी घेतली. ती मग माझ्याकडेच राहिली. बदल्यात शुक्रवारी सकाळी तो मला शिकवायचा. माझी शाळा आठवीत सुटलेली. दहावीचा दाखला आण, सुपरवायझर करतो, असं मालक म्हणाला होता. ओपन स्कूलला माझं नाव ग्लोबलनेच घातलं. हे उपकार मी आजही नाकारत नाही.

शिकवण्याची त्याची पद्धत जेवणासारखीच. "दादा, तू ठोकतोस तो पत्रा कुठून येतो?" मग दारामागच्या नकाशावर बोट. "तुला भूगोल येतो रे, तुला माहीत नाही एवढंच." गणिताला मात्र मी पेन खाली ठेवायचो. मी पुटपुटायचो, "इंशाल्ला जमेल." तो वहीवर टिचकी मारायचा. "इंशाल्ला नको, सूत्र बोल! आणि घाबरतोस काय? पहिल्या पेपराला ईसा टाउनच्या शाळेच्या गेटपर्यंत मी येणार. खलास."

एवढं म्हणणाऱ्याला बांगड्याचं तिखलं करून घालायला कसला त्रास?

माझी परीक्षा आठवड्यावर आली. गणिताचं अजून बरंच राहिलं होतं. गॅरेजातून आलो तर खाटेवर त्याची बॅग उघडी.

"उद्याचं विमान ना याचं?" हसनभाईंनी मला विचारलं.

"कुठलं विमान?"

"अरे, कॅनडाचं! युनिव्हर्सिटीतली सीट तर रमजानच्या आधीच पक्की झाली. हॉटेलवाल्यांनी पार्टीसुद्धा दिली. तुला बोलला नाही?"

ग्लोबल शर्टाची घडी घालत होता. वर न बघताच म्हणाला, "दादा, तुला सांगितलं असतं तर तू पाळी सोडली असतीस. माझे पेपर होते."

"माझेपण आहेत रे."

"तू करशील."

जाण्याचं वाईट वाटलं नाही. तो जावा म्हणून तर मी कांदे चिरत होतो. पण दोन वर्षं माझ्या हातचं खाऊन त्याने मला एवढंच ओळखलं होतं, हे सोसवेना. त्या संध्याकाळी पाळी त्याची, म्हणजे माझीच. मी भात टाकला. तो जेवला. ताटातलं काही कुठून आलं, ते त्या दिवशी त्याने विचारलं नाही.

पहिल्या पेपराला गेटपर्यंत हसनभाई आले, दुकानाची व्हॅन घेऊन. मला कुणाचा तरी बाप समजून पोरं बाजूला होत होती, परीक्षेला बसणाराच मी हे कळल्यावर हसत होती. "हसू दे त्यांना," हसनभाई म्हणाले, "तू आत जा."

परवा ग्लोबलचा व्हॉइस मेसेज आला. इतक्या महिन्यांत पहिलाच. "दादा, इथे बांगडा मिळाला! तुझ्यासारखं तिखलं कसं करायचं? त्रिफळं कधी टाकायची?" मी तो शेवटापर्यंत ऐकला, मग पुन्हा ऐकला. बांगड्यानंतर काहीतरी असेल असं वाटलं. नव्हतं.

मी सगळं नीट सांगितलं. त्रिफळं ठेचून शेवटी टाक, बिया आधी काढ, नाहीतर कडू होईल. आचेवर लक्ष ठेव.

विचारलं असतं तर हेही सांगितलं असतं की पास झालो, आणि सगळ्यात जास्त मार्क भूगोलात पडले. त्याने बांगड्याचं विचारलं, मी बांगड्याचं सांगितलं.